योगराजबाबूची कोऱ्या कापडाची पिशवी

कॅमेरा मुठीएवढा होता. सोबत लांबचं जवळ आणणारी एक लेन्स, दोन बॅटऱ्या, चार्जर आणि काच पुसायचं मऊ फडकं. बस, एवढाच संसार. पण हा संसार खांद्याला अडकवून करंजटोल्याच्या तलावावर न्यायचा होता, चिखलातून, झुडपातून, आणि वेळ आली की अर्ध्या मिनिटात बाहेर काढायचा होता, कारण सारस पक्षी काही पंचायत समितीच्या बाबूची वाट पाहत ताटकळत नाही. म्हणजे पिशवी पाहिजे. लहान, खांद्यावरची. एवढ्या कामाला योगराजला अर्जुनी मोरगावात एक महिना लागला, आणि त्या महिन्याच्या शेवटी जे झालं ते ऑफिसात अजून कोणाला खरं वाटलेलं नाही.

आधी हे सांगतो की पन्नाशीच्या कारकुनाला कॅमेरा कशाला सुचला. त्याच्या आदल्या जूनमध्ये तालुक्यात सारसगणना झाली. योगराजनं स्वयंसेवक म्हणून नाव दिलं आणि करंजटोल्याच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावावर सारसाची जोडी पाहिली, सोबत भुऱ्या डोक्याचं एक पिल्लू. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, कागदावर लिहून दिलं, खाली सही केली. गणनेचे तालुका समन्वयक भूपेंद्रसर दुसऱ्या दिवशी खात्री करायला स्वतः गेले. वय अठ्ठावीस, पायात गुडघ्यापर्यंत बूट, बोलणं पुण्याचं. तलावावर त्यांना काही दिसलं नाही. मग भर बैठकीत त्यांनी योगराजच्या कागदावर लाल पेनानं लिहिलं, 'बगळे असावेत.'

सारस माणसाच्या खांद्याएवढा उंच असतो. बगळा उभा राहिला तरी आपल्या गुडघ्याला लागतो. योगराज जातीचा कोहळी, त्याच्या पणज्यानं तो तलाव खांदला, त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकली, आणि त्याच्या वंशातल्या माणसाला बगळा कोणता अन् सारस कोणता हे कळत नाही असं ज्यानं लिहिलं, त्यानं सारस पहिल्यांदा मोबाइलवर पाहिलेला. पण लाल पेन त्याच्याकडे होता. या देशात डोळे सगळ्यांना दिलेत, लाल पेन मोजक्यांना दिलाय. वर्षभर ऑफिसात चहाच्या वेळी कोणीतरी विचारायचंच, "काय बाबूजी, बगळे काय म्हणतात?" योगराज कपात पाहायचा. त्यानं ठरवलं होतं, येत्या जूनमध्ये त्याच टेबलावर, त्याच लाल पेनाखाली फोटो ठेवायचा. बाकी त्याला काही नको होतं.

म्हणून कॅमेरा. आणि नागपूरच्या दुकानदारानं कॅमेरा देताना दम दिला होता, "धूळ, ओल, दोन्हीपासून जपा. जमिनीवर तर ठेवूच नका. एक कण आत गेला की खेळ खतम." योगराजनं हे वाक्य गीतेसारखं मनावर घेतलं.

पहिली पिशवी शामकलानं सुचवली. शामकला म्हणजे बायको. "डब्याची पिशवी हाय ना. धुतली की झालं."

"तिला लोणच्याचा वास येते."

"सारसाले वास येते काय?"

"मले येते."

"बावीस वर्षं डबा खाताना नाही आला," असं म्हणून ती आत गेली. तिचं बरोबर होतं, पण बरोबर असलेल्या माणसाशी बोलणं योगराजला कधीच जमलं नाही.

दुसरी पिशवी शेजारच्या मनिरामनं आणली. मनिराम एसटीचा निवृत्त कंडक्टर. त्यानं आपली जुनी चामड्याची बॅग पेटीतून काढली, तेल लावून पुसली आणि योगराजच्या गळ्यात स्वतःच्या हातानं घातली. "बाबूजी, अठ्ठावीस साल. उन्हात, पान्यात, धक्काबुक्कीत. या बॅगनं मले कधी दगा देला नाही." त्याचे डोळे ओले झाले, म्हणून योगराजला ती घालून बाजारापर्यंत जावंच लागलं. बसस्टँडसमोर एका बाईनं त्याच्या हातात नोट ठेवली आणि म्हणाली, "दोन साकोली." तो नाही म्हणाला तर तिच्या सोबतचा माणूस भांडायला उठला, की सरकारी नोकर होऊन तिकीट कसं देत नाही, तक्रारवही कुठं हाय. योगराज म्हणाला, मी कंडक्टर नाही. तो माणूस म्हणाला, "मंग बॅग कायले घातली?" याचं उत्तर द्यायचं तर सारसापासून सुरुवात करावी लागली असती.

मग रविवारी तो रेल्वेनं गोंदियाला गेला. तिथल्या बाजारात बॅगवाल्यानं वीस बॅगा काउंटरवर ओतल्या. "देखो भाईसाब, ये लॅपटॉपवाली. ये लेडीज है, पर आजकल जेन्ट्स भी लेते हैं, शरम नहीं करते. ये देखो, ये एमआर लोग ले जाते हैं." योगराजनं कॅमेरा काढला आणि एकेका बॅगेत घालून पाहिला. कॅमेरा मावला तर लेन्स बाहेर. लेन्स मावली तर चेन लागेना. दोन्ही मावले त्या बॅगेत घरातला गहूही मावला असता. तासाभरानं दुकानदारानं खुर्ची दिली, दोन तासांनी चहा दिला, आणि शेवटी हात जोडले, "भाईसाब, कैमरा ही छोटा ले लो ना." शेवटी एक काळी चकचकीत बॅग मिळाली. चर्रकन उघडणारी चिकटपट्टी, पुढं स्टीलची चेन. योगराज खूश होऊन घरी आला. त्याच संध्याकाळी मोबाइलवर भूपेंद्रसरांच्या सूचना आल्या: 'स्वयंसेवकांनी भडक व काळे रंग, चमकणारी धातूची वस्तू आणि आवाज करणारी चिकटपट्टी टाळावी. पक्षी विचलित होतात.'

योगराजनं खात्री करायला अंगणात ती पट्टी एकदा उघडली. चर्र. मनिरामची कोंबडी अंड्यावरून उठून थेट कौलावर गेली, आणि मनिराम सोफ्यावरून उठून अंगणात आला. "काय फाटलं गा?"

आता उरला दुधराम टेलर. योगराजनं त्याला नीट समजावलं. रंग वाळल्या धानाच्या बुडख्यासारखा पाहिजे, म्हणजे शेतात दिसणार नाही. चेन नको, पट्टी नको, तोंडाला नाडी. आतून कापसाचा पातळ थर, म्हणजे धक्का लागणार नाही. पट्टा लांब, म्हणजे गळ्यात घालता येईल. दुधरामनं मांजरपाटाचं कोरं कापड काढलं आणि माप न घेता कात्री चालवायला लागला, जणू ही पिशवी त्यानं शंभर वेळा शिवली होती.

"कोनाची होय?" त्यानं हळूच विचारलं.

"माझीच," योगराज म्हणाला.

दुधरामनं त्याच्याकडं पुष्कळ वेळ पाहिलं. पिशवी झाली तेव्हा त्यानं शिलाई घेतली नाही. "असू द्या बाबूजी. याचे नाही घेत." योगराजला वाटलं, चला, अजून सरकारी नोकराची थोडी इज्जत उरली आहे. हे वाटणं माणसाला फार महागात पडतं.

घरी शामकलानं पिशवी पाहिली आणि विळीवरचा हात थांबवला. "अवो, हे कशासारखं दिसून राहिलं, मालूम हाय का तुमाले?"

"सारसाले नाही दिसलं म्हणजे झालं."

पिशवी बदलायला आता वेळही नव्हता. तलाव सरकारी, त्याचं छायाचित्रण करायला परवानगी लागते, आणि ती परवानगी पंचायत समितीच्या ज्या टेबलावरून निघते त्या टेबलामागं योगराज स्वतः बसतो. त्यानं अर्ज लिहिला, स्वतःच आवक केला, स्वतःच तपासला. पण बावीस वर्षांची सवय. वाचता वाचता त्याला अर्जात त्रुटी दिसली: साहित्याचं वर्णन नाही. त्यानं अर्जदाराला, म्हणजे स्वतःला, पत्र काढलं. मग घरून साहित्याचं वर्णन लिहून आणलं: 'एक कॅमेरा, एक भिंग, एक कोऱ्या कापडाची पिशवी.' साहेबांनी सही केली. आता पिशवी शासकीय कागदावर चढली होती. ज्यांना वाटतं हा माणूस मूर्ख आहे, त्यांनी एकदा पंचायत समितीत अर्ज घेऊन जावं. हा तिथला सगळ्यात शहाणा माणूस.

गणना पहाटे साडेपाचला. करंजटोल्याला सकाळची पहिली बस आठला पोचते. म्हणून आदल्या दुपारच्या बसनं जायचं आणि ग्रामपंचायतीच्या वऱ्हांड्यात निजायचं असं ठरलं. योगराजनं उन्हासाठी पांढरा फुलबाह्यांचा सदरा घातला. डोक्यावर केस नाहीत, ते तिशीतच गेले. पिशवी गळ्यात घेतली, खालून दोन्ही हातांनी धरली, आणि लगनसराईच्या गर्दीनं भरलेल्या बसमध्ये चढला. कोणी पिशवीबद्दल विचारेल म्हणून तोंड बंद.

बस एकदम गप झाली. खिडकीजवळचा एक दांडगा माणूस उठला आणि हातानं दाखवलं, बसा. शेजारच्या म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला. कंडक्टर आला, एक तिकीट फाडलं, पिशवीकडे पाहून पाऊल मागं घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मांडीवरच राहू द्या. खाली नका ठेवू."

"नाहीच ठेवत," योगराज म्हणाला. कंडक्टरला कॅमेऱ्यातलं कळतं, याचं त्याला कौतुक वाटलं.

मग म्हातारीनं दोन बोटं पिशवीला लावली आणि कपाळाला लावली.

तेव्हा योगराजनं खाली पिशवीकडे पाहिलं. आपल्याकडे मेलेल्याची राख अन् हाडं शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, नेतात ती अशाच पिशवीत. कोरं कापड, तोंडाला नाडी, गळ्यात अडकवलेली. जमिनीला लावायची नाही, थांबलं तर झाडाला नाहीतर खुंटीला टांगायची. नेणाऱ्याला कोणी रामराम घालत नाही, कोण गेलं ते विचारत नाही. शामकलाची विळी का थांबली, दुधरामनं पैसे का घेतले नाहीत, सगळं एका धक्क्यात उलगडलं.

आता बोलायला पाहिजे होतं. पण बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं आणि जागा खिडकीची होती. उभं राहून प्रवास करणाऱ्या मध्यमवर्गी माणसाचा प्रामाणिकपणा कडक असतो. त्याला खिडकीची जागा द्या, मग बघा. योगराजनं मनाशी म्हटलं, मी कुठं काय बोललो? जे समजले ते समजले. आणि डोळे मिटून घेतले. त्यानं बस आणखीच गहिवरली.

फक्त बस होती तोवर ठीक होतं. आजकाल बसमधल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो.

करंजटोल्याच्या थांब्यावर सरपंच रुख्मिणीबाई पाच-सात माणसांसोबत उभ्या होत्या, सगळ्यांची मान खाली. रुख्मिणीबाई म्हणजे ग्रामसभेत बीडीओचा माइक काढून घेणारी बाई; तिला इतकी गप्प योगराजनं कधी पाहिली नव्हती. ती पुढं चालू लागली. तलावाच्या पाळीखालच्या मैदानावर मोठा मांडव होता, आणि मांडवाच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच काळे डबे, एकावर एक. कोहमाऱ्याहून आलेला डीजे. त्याच्यावर ताडपत्री टाकून दोर बांधलेला होता.

नवरदेवाचा बाप टेकचंद हात जोडून पुढं आला. "बाबूजी, तुमी काई मनाले लावू नका. आज पोराचं लगन हाय, पन आवाज नाही होनार. उद्या तुमचं शिरवनं झाल्याबिगर डब्याले कोनी हात नाही लावत."

"अरे, पण मी," योगराजनं तोंड उघडलं.

"काई बोलू नका," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "पनज्यानं खांदलेल्या तलावात शिरवाले आनलं, मोठी गोष्ट केली तुमी. तसा डीजे लागला पाह्यजे होता, नाही कशाले म्हना. दरसाल गननेच्या टायमाले लगन असते. मागच्या साली पाटलाच्या पोरीच्या लगनात डबे वाजले, ते सारस गेले अन् आठ दिवस फिरकले नाही."

योगराज तिथंच उभा राहिला. मागच्या साली. म्हणजे त्यानं सारस पाहिले त्या संध्याकाळी डबे वाजले, सारस उडाले, आणि दुसऱ्या दिवशी भूपेंद्रसर बूट घालून आले तेव्हा खरंच बगळे होते.

"आता आहेत?" त्यानं विचारलं.

"कोन?"

"सारस."

रुख्मिणीबाईंनी टेकचंदकडे पाहिलं. दुःखात माणूस काहीही विचारतो. "हायेत ना. तिघंही हायेत. पाय धुवा, चला."

ग्रामपंचायतीच्या वऱ्हांड्यात खुंटीला पिशवी टांगून योगराज बसला, अंधार पडायच्या वेळी, आणि फोन वाजला. शामकला.

"अवो," ती म्हणाली, अगदी शांत आवाजात, "मी कवा मेली?"

योगराजनं आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"मनिरामभाऊ दारात आले. तोंड पाडून. मी दार उघडलं तर मागच्या मागं ओट्यावरून पडले. त्यांच्या मोबाइलवर माझा फोटो हाय, हळदीकुंकवातला. खाली लिवलं हाय, भावपूर्ण श्रद्धांजली. घरात आपन दोघंच, तुमी बसमधी दिसले, मंग मेली कोन? मीच. सोळा फोन आले. बारा जनायनं मलेच विचारलं, कसं झालं म्हनून. मी काय सांगू, कसं झालं?"

त्यानं सगळं सांगितलं. पिशवी, बस, खिडकीची जागा, मांडव, ताडपत्री टाकलेले डबे. आता जर जाऊन खरं सांगितलं तर दहा मिनिटांत डीजे लागेल आणि सारस जातील, आणि लाल पेन पुढं आणखी एक वर्ष. मग योगराज, ज्यानं बावीस वर्षांत कोणाकडे किरकोळ रजासुद्धा नीट मागितली नाही, म्हणाला, "शामकला, उद्या सकाळपर्यंत मेलेली राहतेस का?"

"किती वाजेपर्यंत?"

"सहा. फार तर साडेसहा."

"बरं," शामकला म्हणाली. "फोन बंद करतो मी. अन् राती भांडे घासत नाही. मेलेल्या बाईले भांडे घासाले कोनी लावत नाही."

त्या संध्याकाळी करंजटोल्यात जे लग्न लागलं तसं लग्न कोणी पाहिलं नसेल. मंगलाष्टकं कुजबुजत झाली. नवरदेवाला घोड्यावरून उतरवताना घोड्याला सुद्धा कोणीतरी 'श्श' केलं. पंगतीत वाढपी कानात येऊन विचारत होते, वरण देऊ काय. आणि योगराजला वऱ्हांड्यात ताट आणून दिलं, गोडाशिवाय, कारण दुःखात गोड देत नाहीत. समोरून जिलेबीच्या परातीमागून परात गेली. त्यानं पाहून घेतलं.

पहाटे उजेड फुटायच्या आधी तो उठला, पिशवी गळ्यात घेतली आणि तलावाला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेला. जूनचा तलाव, निम्मा सुकलेला. गुडघाभर चिखल. बेशरमाच्या झुडपात तो बसला, पिशवी वरच्या फांदीला टांगली, कॅमेरा काढला, लेन्स लावली. डासांनी त्याचं टक्कल गाठलं. तो हलला नाही. साडेपाचला उजेड आला आणि धुक्यासारख्या पाण्यावर ते दिसले. नर, मादी, दोघांच्या माना लालभडक, आणि मधे भुऱ्या डोक्याचं पिल्लू, यंदाचं, जवळजवळ आईएवढं. पाठ त्याच्याकडे. योगराजनं श्वास धरला. वळा, त्यानं मनात म्हटलं. जरा वळा, बाप्पा.

तेवढ्यात पलीकडच्या घाटावर हालचाल झाली. रुख्मिणीबाई पुढं, मागं टेकचंद, त्याच्या मागं नवरानवरी हळदीच्या कपड्यात, आणि वीस-पंचवीस माणसं, हातात लोटे, फुलं. बाबू एकटाच शिरवायला गेला, सोबत कोणी नाही, हे गावाला बरं वाटलं नव्हतं. त्यांनी बेशरमाच्या फांदीला टांगलेली पिशवी पाहिली आणि सगळ्यांनी पाण्याच्या काठाला उभं राहून हात जोडले.

योगराजला वाटलं, संपलं. उडाले.

सारस उडाले नाहीत. लोटे घेऊन घाटावर येणारी माणसं ते जन्मापासून पाहत होते. त्यांना संशय होता तो झुडपात दबून बसलेल्या टकल्या माणसाचा. तिघांनीही मान वळवली आणि सरळ योगराजकडे पाहिलं. त्यानं बटण दाबलं. दाबत राहिला. नर मान वर करून ओरडला, मादीनं साथ दिली, तलाव त्या आवाजानं भरला, आणि योगराजच्या डोळ्यांतून पाणी आलं. घाटावरच्यांनी ते लांबून पाहिलं आणि त्यांच्यातल्या दोघीतिघींनीही पदर लावला.

साडेसहा वाजले होते. शब्द दिला होता. योगराज चिखलातून चालत घाटावर गेला.

"शिरवलं?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

त्यानं खरं सांगितलं. कॅमेरा दाखवला, पडद्यावरचे सारस दाखवले, पिशवी उलटी करून कापूस दाखवला.

रुख्मिणीबाईंनी पडदा पाहिला, पिशवी पाहिली. "अन् बायको?"

"घरी आहे. चहा पीत असेल."

"चहा पीत असंल," रुख्मिणीबाईंनी मागं वळून गावाला सांगितलं, ज्याला ऐकू आलं नसेल त्याच्यासाठी. मग पुन्हा इकडं. "बाबूजी, नवरीच्या माहेरच्या बायायनं काल तिचा निरोप घेताना रडनं दाबलं. रडनं. तुमच्या बायकोले वाईट वाटंल म्हनून, जे मेली ते. आता काय म्हनू तुमाले?"

"काहीही म्हणा."

"म्हनलं असतं, पन लोक हायेत इथं. नवरीसमोर तोंड घान नाही करत."

टेकचंद सरळ मैदानाकडे गेला, दोर सोडला, ताडपत्री ओढली, आणि सकाळी पावणेसातला कोहमाऱ्याचे सगळे डबे एकदम सुरू झाले. तलावावर लाटा उठल्या. सारस वर गेले, एक चक्कर मारली आणि पलीकडच्या डोंगराकडे गेले. नवरदेव नाचायला लागला, आणि योगराजला दोन्ही बॅटऱ्या संपेपर्यंत लग्नाचे फोटो काढावे लागले, उपाशी. जिलेबी तेव्हाही दिली नाही.

घरी पोचला तर अंगणात दोन जीपा. शामकलाची बहीण सडक अर्जुनीहून पहाटेच रडत आली होती, सोबत नऊ माणसं. शामकला चुलीसमोर घामानं भिजलेली. "मेल्यावर अकरा जनायचा सैपाक करनारी मी पयलीच," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर आपटली. "फोटो आला का?"

"आला."

"मंग जेवा."

पुढच्या आठवड्यात बैठक होती. योगराजनं फोटो मोठा करून नेला आणि भूपेंद्रसरांच्या समोर ठेवला, पेनाच्या बरोबर खाली. सरांनी पाहिला. उचलला. खिडकीशी नेला. फोटोत तीन सारस होते, लख्ख, माना वळवलेले. आणि त्यांच्या मागं घाटावर ओळीनं उभं असलेलं अख्खं गाव, हातात फुलं, नवरानवरीसुद्धा, हात जोडून, मान झुकवून.

"काका," भूपेंद्रसरांनी घाटावरच्या माणसांवर बोट ठेवलं, "हे काय आहे?"

"सारस," योगराज म्हणाला. "तीन."

"ते दिसतंय हो. पण हे लोक सारसांची पूजा करतात? नवदांपत्य आशीर्वादाला येतं?"

योगराज खरं बोलायचं ठरवून आला होता आणि खरं बोलला. साहेब, ते हात सारसांना जोडलेले नाहीत, माझ्या पिशवीला जोडलेले आहेत. त्यांना वाटलं त्यात माझी बायको आहे. बायको घरी होती. डीजे बंद होता म्हणून पक्षी राहिले. सगळं, ओळीनं, शामकलाच्या भांड्यांपर्यंत. बैठकीतले लोक इतके हसले की एकाला पाणी द्यावं लागलं.

"तुम्ही फार गमतीदार आहात, काका," भूपेंद्रसर डोळे पुसत म्हणाले, आणि अहवालात लिहिलं. एकही सारस कमी न करता लिहिलं: नर एक, मादी एक, पिल्लू एक, निरीक्षक योगराज. आणि खाली आणखी एक परिच्छेद: 'करंजटोला येथे विवाहप्रसंगी सारसपूजनाची प्राचीन परंपरा आढळते. आदल्या रात्री गाव संपूर्ण मौन पाळते.' योगराजनं दोनदा वाचलं. वर्षभर ज्या कागदासाठी तो झुरला, त्या कागदावर त्याचं खरं एका ओळीत होतं आणि खोटं चार ओळींत. त्यानं विचारलं, खालचं खोडता येईल का. सर म्हणाले, अहो, त्याच्यामुळेच तर वरचं कोणीतरी वाचेल.

आणि वाचलं. मार्चमध्ये वरून पत्र आलं, आलं ते योगराजच्याच टेबलावर: करंजटोल्याची परंपरा पाहायला जूनमध्ये पाहुणे येणार, गावानं ती नेहमीप्रमाणे, मौनासह, साजरी करावी, तलावाच्या दुरुस्तीचाही विचार होईल. ते पोचवायला त्यालाच जावं लागलं. ग्रामपंचायतीत सगळे जमले. टेकचंदनं त्याला पाणी विचारलं नाही. योगराजनं पत्र वाचून दाखवलं, 'मौन' हा शब्द जरा घाईत.

रुख्मिणीबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. तलावाच्या दुरुस्तीचं वाक्य तिसऱ्यांदा वाचायला लावलं. पाळ फुटकी होती, बारा वर्षं अर्ज चालू होते. अर्ज कोणाच्या टेबलावर पडून होते, ते सगळ्यांना माहीत होतं.

"पूजेचं काई नाही," त्या म्हणाल्या. "फुलं घेऊन उभे राहू. बाया गानंही जोडतीन, प्राचीन. पन त्या राती टोल्यात दोन लगनं हायेत, दोन्हीकडं डीजे. परंपरा हाय म्हनून डबे बंद ठेवा असं मी सांगितलं तर मलेच मांडवात पुरतीन. डबे बंद राह्याले कोनी तरी मेलं पाह्यजे, बाबूजी. यंदा कोन हाय तुमच्याकडं?"

सगळं गाव योगराजकडं पाहू लागलं. आता कोणाच्या तोंडावर राग नव्हता, नुसती विचारणा होती.

योगराजनं पत्राची घडी केली, खिशात ठेवली, आणि नेहमी कार्यालयात सांगतो त्याच आवाजात म्हणाला, "घरी विचारून कळवतो."